सुरतेला धाडलेला माणूस

आमच्याकडे एखाद्याची दारू हाताबाहेर गेली की घरची माणसे ठरलेले तीन उपाय करतात. आधी देवाकडे गाऱ्हाणे. मग लग्न. आणि ही दोन्ही फसली की त्याला गोव्याबाहेर धाडणे. माझ्या मावसभावाच्या बाबतीत हे सगळे याच क्रमाने झाले. तिसऱ्या उपायासाठी शहर निवडले गेले सुरत, आणि त्याचे कारण सांगायला नकोच. गुजरातेत दारूबंदी! मुंबई राज्याचा १९४९चा कायदा १९६० साली वेगळ्या झालेल्या गुजरातने तसाच चालू ठेवला. तिथे ना तावेर्ना, ना बार. मावशी म्हणाली, "जिथे दुकानच नाही तिथे पिणार काय? तापीचे पाणी?"

या बेतात मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. हजिऱ्याच्या एका कंपनीत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांना फोन मी केला आणि २०१५च्या जूनमध्ये मडगाव स्टेशनवर पोचवायलाही मीच गेलो. गाडी सुटल्यावर केवढे मोठे काम झाले असे वाटले होते.

गोव्याहून सुरतेला जाताना गाडी ज्या वाटेने जाते ती वाट मला नंतर चांगलीच पाठ झाली. आधी वापी लागते. तिथून दहा-बारा किलोमीटरवर दमण. १९६१ पर्यंत आपण आणि दमणकर एकाच पोर्तुगिजांच्या अमलाखाली होतो आणि पुढे १९८७ पर्यंत एकाच केंद्रशासित प्रदेशात. आज दक्षिण गुजरातची तहान भागवण्याचे काम हे आपले जुने भावंड करते. पूर्वेकडून सुरतेला येणारी तापी खोऱ्याची लाइन नवापूरवरून येते. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. म्हणजे फलाटावर चार पावले इकडची तिकडे टाकली की कायदा बदलतो. अशा कोरड्या प्रदेशात आम्ही आमचा माणूस वाळवायला धाडला होता.

वापी, वलसाड, आणि मग सुरतेच्या अलीकडे नवसारी. या नवसारीपाशी मला दरवेळी खिडकीतून बाहेर बघावेसे वाटते. २६ मे १८८५ रोजी राम गणेश गडकरी इथे जन्मले. 'एकच प्याला' लिहिणारा माणूस दारूबंदीच्या आजच्या मुलखात जन्मलेला! गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, वय अवघे ३३, आणि महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले तेही बडोद्यात. सिंधू अर्थात बालगंधर्व.

गोव्यात या नाटकाविषयी वेगळे काय सांगायचे? जत्रेला 'एकच प्याला' झाले नाही असा गाव डिचोली-सत्तरी-पेडण्यात शोधावा लागेल. आमच्या गावात तळीराम करायचे ते या मावसभावाचे वडील, माझे काका. त्यांची एन्ट्री झाली की मांडवात शिट्ट्या. रंगपटात मात्र त्यांची खरी बाटली वेगळी ठेवलेली असे आणि ती कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होते. काका पन्नाशीच्या आत गेले. काविळीने, असे आम्ही सांगत आलो. नाटकात तळीराम आजारी पडतो तेव्हा त्याच्या अंथरुणाशी डॉक्टर-वैद्यांची जुगलबंदी होते आणि लोक पोट धरून हसतात. काकांच्या अंथरुणाशी डॉक्टर आले तेव्हा कुणी हसले नाही, इतकाच फरक.

तळीराम हा शब्द आता मराठीत इतका मऊ झाला आहे की ३१ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे 'तळीरामांवर कारवाई' असे मथळे देतात आणि आपण चहा पिता पिता वाचतो. गमतीचा प्राणी! असो.

सुरतेत पहिली सहा महिने बरी गेली असे तो फोनवर सांगायचा. आम्ही विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. तिथे 'पोटली' नावाची चीज मिळते, प्लास्टिकच्या पिशवीतली गावठी, हे आम्हाला फार उशिरा कळले. पैसे असले तर दमणची बाटलीही खोलीवर येते. गोव्यात तो तावेर्नात चार माणसांत प्यायचा, रात्री कुणीतरी घरी आणून सोडायचे. सुरतेत पिणे हाच गुन्हा, म्हणून तो दार लावून, दिवा मालवून एकटा प्यायला शिकला. डॉक्टरकडे जायचीही त्याला भीती, पोलिसांना कळले तर? दारूबंदीने दारू सोडवली नाही म्हणून दारूबंदी टाकाऊ, असे मी म्हणणार नाही. तो वाद मोठा आहे आणि ज्या बायकांनी त्यासाठी मार खाल्ला त्यांना विचारल्याशिवाय तो करूही नये. पण दुकान बंद करणे आणि आजार बरा करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि आम्ही पहिल्याकडून दुसऱ्याची अपेक्षा केली.

आजार हा शब्द मी आज सहज लिहितो. तेव्हा तो माझ्या तोंडात नव्हता. माझे शब्द होते सवय, संगत, नालायकपणा.

२०१८च्या चवथीला तो घरी आला. पाच दिवसांचा गणपती. विसर्जनाच्या दिवशी आरती झाल्यावर मावशीने त्याला माटोळीखाली उभे केले आणि गणपतीसमोर नारळ ठेवून शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली, रडला, आम्ही सगळेच रडलो. त्याची बायको तेवढी गप्प होती. ती शपथांना कंटाळली होती. तिने पूर्वी कुणीतरी दिलेल्या गोळ्या त्याच्या नकळत हुमणात घालून पाहिल्या होत्या. त्यावर तो प्याला तेव्हा चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, जवळजवळ हातचा गेला होता. (त्या डायसल्फिरामच्या गोळ्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला पूर्ण सांगूनच द्यायचे ते औषध. आपल्याकडे ते आजही गुपचूप जेवणात जाते. कृपा करून असे करू नका.)

शपथेच्या दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला. या खेपेला त्याने शपथ खरोखर पाळली, आणि त्यानेच त्याचा जीव जायची वेळ आली.

तिसऱ्या रात्री मला सुरतेहून फोन आला. उधन्याला तो राहायचा त्या चाळीत शेजारी नंदुरबारकडचे एक कुटुंब होते. नवरा लूमवर बारा तासांची पाळी करणारा, बाई घरी साड्यांना टिकल्या लावणारी. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातली माणसे इतकी आहेत की रस्त्यावर अहिराणी ऐकू येते. फोनवर ती बाई होती. दुपारी याला फिट आली होती. आता तो भिंतीवरच्या मुंग्या वेचत होता, मुंग्या नव्हत्याच. घुमटे वाजताहेत म्हणत होता. घरमालक म्हणे बाहेरची बाधा आहे, भगताला बोलावू. बाई मला म्हणाली, "भाऊ, माझा दीर असाच गेला. याला भगत नको. मी सिव्हिलला नेते, तुम्ही निघा."

मी पोचलो तेव्हा तो कॉटवर होता, हात फडक्याने सैलसर बांधलेले, सलाइन चालू. मला ओळखले. म्हणाला, "दादा, हांव पिसो जालों ना मूं रे?" वेडा तर झालो नाही ना, हे विचारणारा माणूस पस्तिशीचा होता आणि आवाज दहा वर्षांच्या मुलाचा.

तिथल्या एका तरुण डॉक्टरने मला व्हरांड्यात उभ्या उभ्या जे सांगितले ते आमच्या घरात वीस वर्षे आधी कुणी सांगायला हवे होते. मी ते माझ्या भाषेत सांगतो. चोर्ल्याच्या घाटात एखादा ड्रायव्हर सतत ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो अशी कल्पना करा. दारू म्हणजे मेंदूवरचा तो ब्रेक. रोज, वर्षानुवर्षे ब्रेक दाबलेला राहिला तर मेंदू आपले काम चालू राहावे म्हणून ॲक्सिलरेटर जास्त जास्त दाबू लागतो. आणि मग एका सकाळी, शपथेखातर, ब्रेकवरचा पाय पूर्ण उचलला तर? ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला आहे. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, नाडी बेफाम. याला ते डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार झाला नाही तर माणूस यात मरतो. बाईचा दीर असाच गेला असणार.

म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, घरच्या घरी, नुसत्या निश्चयाच्या बळावर दारू तोडणे धोक्याचे आहे. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे देऊन, ती हळूहळू कमी करत हा घाट उतरवावा लागतो. जोडीला थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातले एक, टोचून. ते कमी पडले तर स्मृती कायमची जाऊ शकते. आमच्या मावशीने गणपतीसमोर जे केले ते प्रेमापोटीच केले. तिला हे मी अजून पुरते सांगितलेले नाही.

डॉक्टरने मला एक प्रश्न विचारला: सकाळी हात स्थिर व्हायला याला घोट लागायचा का? लागायचा. आम्ही त्याला 'सकाळी सकाळी सुरू' म्हणून शिव्या द्यायचो. ते लक्षण होते.

आठवड्याने तो ठीक झाला. मला वाटले, सुटली. डॉक्टर म्हणाले, अंगातली सुटली, आता पुढचे. कुठेतरी निवासी उपचाराला ठेवा.

इथे आम्ही आणखी एक चूक केली. घाईत कुणाच्या तरी सांगण्यावरून एका केंद्रात पैसे भरले. नाव लिहीत नाही, गावही नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो म्हणाले, चार दिवसांत आलाच नाही. खिडक्यांना कुलपे, फोन काढून घेतलेला, आणि एकाच्या पायात साखळी. चौथ्या दिवशी आम्ही त्याला बाहेर काढले. मानसिक आरोग्य कायदा २०१७चा आहे. त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारांच्या व्याख्येतच येतात, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. हे मला तेव्हा माहीत असते तर मी दारातच विचारले असते, नोंदणी दाखवा, डॉक्टर कोण, घरच्यांना कधी भेटू देता. आज कुणी मला विचारले तर मी आधी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर देतो आणि मग हे तीन प्रश्न.

शेवटी पुणे. भाषेमुळे. सुरतेत हिंदी-गुजरातीत त्याचे काम चालायचे, पण आपल्या बापाविषयी बोलायचे तर ते त्याला त्या भाषांत येईना. व्यसनमुक्तीच्या कामाला मराठीत घर मिळवून दिले ते डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी. १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. अनिताबाई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये, काम त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर पुढे नेत आहेत. मुंबईत त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, फादर जो परेरा यांनी वांद्र्याला 'कृपा' सुरू केली होती. माझा भाऊ पुण्यात जिथे राहिला त्या जागेचे नाव लिहू नको असे त्याने बजावले आहे, म्हणून लिहीत नाही.

तिथे काय केले, असे मी त्याला पुष्कळदा विचारले. त्याची उत्तरे फार साधी. सकाळी लवकर उठायचे. आपली ताटली आपण घासायची. झाडू मारायचा. मग गोल करून बसायचे आणि एकेकाने बोलायचे. त्या गोलात एक प्राध्यापक होता, एक ट्रकवाला, एक पोलीस. प्राध्यापकाने बायकोच्या बांगड्या विकल्याचे सांगितले तेव्हा याला पहिल्यांदा वाटले की आपण एकटे नाही. याने बायकोच्या नव्हे, मुलीच्या कानातल्या विकल्या होत्या. सुरतेला धाडण्याआधीची गोष्ट. आम्ही घरात चोर शोधत होतो.

हे ऐकताना मला सुरत जिल्ह्याचीच एक जुनी हकीकत आठवत राहिली. १९२२च्या नोव्हेंबरात त्या भागातल्या आदिवासी गावांमध्ये एक देवी आली. सलाबाई म्हणत तिला. पालघरकडच्या किनाऱ्यावरून डोंगरातून गावोगाव ही लाट सरकत आली होती. अंगात आलेली माणसे देवीच्या नावाने सांगत: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या पारशी पीठेवाल्यांकडे कामाला जाऊ नका. हजारोंनी शपथा घेतल्या आणि सरकारचे आणि पीठेवाल्यांचे धाबे दणाणले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर आख्खे पुस्तक लिहिले आहे, १९८७ मध्ये. पुढे कित्येक गावे परत दारूकडे वळली, पण कित्येकांनी धरूनही ठेवले.

शपथ तीही आणि आमच्या माटोळीखालची तीही. पण तिथे सगळा गाव एकाच दिवशी सोडत होता. शेजारचा पीत नाही, सोयरा पीत नाही, संध्याकाळी बसायचे ते भजनाला. आमच्या माणसाने शपथ घेतली ती नऊजणांच्या साक्षीने, आणि पाळायला गेला एकटा, उधन्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत. निवासी केंद्र म्हणजे औषध आणि पहारा, अशी माझी समजूत होती. तो एक तात्पुरता वसवलेला गाव असतो, जिथे महिनाभर कुणीच पीत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असते की सगळे का पीत नाहीत.

अडचण गाव सोडल्यावर येते. हे गडकऱ्यांना पक्के ठाऊक होते. सुधाकर मध्येच दारू सोडतो, ताठ मानेने नोकरी मागायला जातो, आणि जिकडेतिकडे हेटाळणी होऊन पुन्हा प्याल्याकडे वळतो. शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला तो भाग आज कुठल्याही समुपदेशकाने शिकवायला घ्यावा. आमचा माणूसही २०१९च्या शिगम्यात घसरला. मेळ निघाला होता, कुणीतरी म्हणाले आता बरा झालास, अर्धा ग्लास उर्राक काय करतो? सहा दिवस. या वेळी मात्र त्याने स्वतः बॅग भरली आणि पुण्याला फोन लावला. आम्हाला नंतर कळले. तेव्हापासून त्याने घेतलेली नाही. तो स्वतः वर्षे सांगत नाही, आजचे सांगतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसवाल्यांची ही रीत, १९३५ साली अमेरिकेत दोन बेवड्यांनी एकमेकांना सांभाळायला सुरुवात केली तेव्हापासूनची.

गडकऱ्यांशी मी एका बाबतीत भांडतो. त्यांचा सुधाकर सांगतो की दारूच्या पाशातून सुटका नाही, सुटायची वेळ एकच, पहिला प्याला घेण्याआधी. आणि आपण चार पिढ्या ते ऐकून, डोळे पुसून, घरच्या माणसाची आशा सोडत आलो. सुटका होते. मी पाहिली आहे. गंमत म्हणजे जे सुटतात तेही गडकऱ्यांचेच म्हणणे धरून असतात: पहिला प्याला घ्यायचा नाही. फक्त त्यांच्यासाठी तो पहिला रोज नव्याने येतो.

आशा सोडण्याचा हिशेब आकड्यांतही दिसतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये आले. त्याप्रमाणे देशात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, गोव्यात सुमारे २८. आणि दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ माणसांमागे एकाला कसलीतरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार १८० मागे एकाला. आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगथ'च्या मंडळींनी एक प्रयोग केला होता, २०१७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये आला. दारूने त्रास होऊ लागलेले, पण अजून पुरते अडकले नाहीत असे ३७७ पुरुष. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी फार तर चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांतले ३६ टक्के सावरले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारावर २६. काकांच्या वेळी असा कुणी आमच्या आरोग्य केंद्रात बसलेला असता तर, हा विचार येतो. आणि पुढच्या टप्प्यासाठी बांबोळीचे मनोरुग्णालय आहेच. तिथे जायला आपल्याला लाज वाटते, तावेर्नात जायला वाटत नाही.

२०२१ पासून तो गावीच आहे. सुरतेच्या त्या बाईला दर चवथीला फोन करतो. गेल्या जत्रेला मंडळाने पुन्हा 'एकच प्याला' धरले आणि बापाची भूमिका म्हणून तळीराम त्याच्याकडे आला. तो नको म्हणाला. प्रॉम्प्टिंग करतो म्हणाला. पहाटे साडेचारपर्यंत विंगेत पाटावर बसून, बॅटरीच्या उजेडात त्याने सगळे नाटक तोंडाशी आणून दिले. काकांच्या वेळी होते तसेच प्याले, आत कोरा चहा.

नाटक संपल्यावर कुणीतरी उरलेला चहा त्यातल्याच एका प्याल्यात ओतून त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "दुसऱ्या कपात दे."